जावेच्या माळवदावरचं ऊन

कवठाळीत चैत्र लागला की गंगम्मा कोरेच्या दारात बायका येऊन बसायच्या. कुणाच्या कडेवर लेकरू असायचं, कुणी शेताला जाता जाता नुसतीच उंबऱ्याशी टेकायची, पण विचारायचं सगळ्यांना एकच असायचं.

"गंगम्मा, गहू भिजू घालू का?"

ऐकायला सोपा वाटला तरी प्रश्न अवघड होता. कुरडईचा गहू तीन दिवस पाण्यात राहतो. रोज पाणी बदलायचं, मग वाटायचा, पिळून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा आणि हिंग-मीठ घालून शिजवला की गरम असतानाच सोऱ्यातून बाजेवर घालायचा. म्हणजे गहू आज भिजवला तर ऊन लागणार चार-पाच दिवसांनी. त्या दिवशी नेमकं आभाळ आलं की कुरडई लाल पडते, वास मारते आणि सगळी मेहनत गुरांच्या पुढ्यात जाते. त्यामुळे पुढचं ऊन आज सांगणारं माणूस गावाला लागायचं. शिरूर अनंतपाळ तालुक्याच्या त्या कोपऱ्यात ते माणूस गंगम्मा होती.

ती उठून माळवदावर जायची. चुलीचा धूर सरळ वर जातो की कौलावर लोळतो ते बघायची, वारा उदगीरकडून आहे की खालून तेरणेच्या अंगानं आहे ते गालावर घ्यायची, लिंबाच्या बुंध्याशी मुंग्यांचं काय चाललंय तेही बघायची. मग खाली येऊन कपाळावरची विभूती सारखी करत म्हणायची, "घाल भिजू. बेस्तरवारी कडक पडतंय." आणि बेस्तरवारी कडक पडायचं.

यासाठी तिनं कुणाकडून कधी काही घेतलं नाही. तिला हवं होतं ते न मागता मिळायचं. ज्या घरी वाळवण असेल तिथं पहिला सोऱ्या गंगम्माच्या हातात द्यायचे. लग्नघरी रुखवत मांडलं की आधी तिला दाखवायचे. मठात बसव जयंतीचा दासोह असायचा, सगळं गाव एका पंगतीला बसायचं, तेव्हा पानावरची कुरडई तिच्या हातची असायची आणि वाढणारी पोरं ओरडत जायची, "गंगम्माची कुरडई, गंगम्माची कुरडई!" नवरा संगप्पा किराण्याचं दुकान चालवायचा, दुकानाला गिऱ्हाईक आपल्या नावानं येत नाही, बायकोच्या नावानं येतं, असं तो स्वतःच हसत सांगायचा.

धाकटा दीर शिवप्रसाद याच्यासाठी उदगीरची मुलगी गंगम्मानंच पसंत केली. मंजुश्री तिचं नाव. शिकलेली, चटपटीत, बोलताना मध्येच कानडी शब्द टाकणारी, पण चीक किती शिजवायचा ते ठाऊक नाही. गंगम्मानं तिला शेजारी बसवून शिकवलं. "चकाकी आली पायजे, मंजे. पळी उचलल्यावर धार तुटली न्हाई पायजे." मंजुश्री घाम पुशीत हलवत राहायची आणि म्हणायची, "अक्का, तुमच्या हाताला काय हाय वो, माझ्याच्यानं होत न्हाई." त्या वाक्यावर गंगम्मा आठवडाभर खूश असायची.

पुढं भावांचं वाटप झालं. घर मधोमध वाटलं, माळवदावर गुडघाभर उंचीची एक आडभिंत आली. भांडण नव्हतं. बायका त्या भिंतीवरून लोणच्याच्या वाट्या देत-घेत होत्या.

मग आभाळाचंच काहीतरी बिनसलं. फाल्गुनात गारा पडायला लागल्या. हरभरा काढायच्या दिवसांत आषाढासारखं गडगडायचं, आणि आषाढात मात्र सोयाबीन उन्हानं माना टाकायचं. गंगम्मा वारा गालावर घ्यायची, मुंग्या बघायची, पण मुंग्याही गोंधळल्यासारख्या झाल्या होत्या. एकदा चुकलं, लोकांनी मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांदा चुकलं ते चन्नबसप्पांच्या घरी, नातीच्या लग्नाच्या वाळवणात. गंगम्मानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "चार दिवस काय होत न्हाई." तिसऱ्याच दिवशी दुपारी गारा आल्या आणि अंगणभर पसरलेल्या रंगीत कुरडया, पापड, सांडगे असे चेचले गेले की खाली अंथरलेली धोतरंसुद्धा फाटली. चन्नबसप्पा म्हातारे भले गृहस्थ. "देवाच्या मनात होतं, गंगम्मा, तुझा काय दोष?" एवढंच ते म्हणाले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला तेव्हा वाटलं.

त्यानंतर बायका तिच्या दारात यायच्या, पण आधी मोबाईलात बघून यायच्या. पुढं तर दारातही येईनात.

लातूरच्या एका संस्थेतून वर्षाराणी नावाची मुलगी गावात आली ती त्याच सुमारास. हवामान बदललं, आता वाळवणाची, मिरचीची, हळदीची पद्धतही बदलावी लागेल, असं ती समाजमंदिरात सांगत होती. बचत गटातल्या कुणी लातूरला येऊन चार दिवस शिकलं तर संस्था उन्हावर चालणारा ड्रायर द्यायला तयार होती. गंगम्मा मागं बसली होती. 'वाळवण काय शिकायचं असतं?' असं म्हणून ती उठून गेली. मंजुश्रीनं हात वर केला.

ड्रायर आला आणि मंजुश्रीच्या माळवदावर बसला. दिसायला ते एक लांबट घरकुल होतं. वर काचेसारख्या आरपार पत्र्याचं गोल छप्पर, आत जाळीचे ट्रे एकावर एक, कडेला सोलरची पाटी आणि त्या पाटीच्या विजेवर फिरणारा लहानसा पंखा. गावातली लाईट गेली तरी तो पंखा फिरतच राहायचा आणि आतली दमट हवा बाहेर फेकायचा. धूळ नाही, माशा नाहीत, चिमण्या नाहीत. पाऊस आला तर पत्र्यावरून ओघळून जायचा, आतलं कोरडंच.

आडभिंतीच्या अलीकडे गंगम्माच्या बाजा होत्या. ती तिथं बसून बघायची. पहिल्या दिवशी बायका नुसत्या नवल बघायला आल्या. मग एकेक जण पाटी घेऊन यायला लागली. वर जायचा जिना मंजुश्रीच्या अंगणात होता आणि तिकडची वाट गंगम्माच्या दारावरून, म्हणून त्या तिथूनच जायच्या, आणि जाताना मुद्दाम भराभर चालायच्या. ते भराभर चालणं गंगम्माला फार लागायचं.

"त्या पेटीतल्या कुरडईला उन्हाचा वासच न्हाई," ती संगप्पाला म्हणाली.

"तू खाल्लीस व्हय?"

"खायला कशाला पायजे? दिसतंय की. मेणचटल्यावानी."

विहिरीवर तिनं सांगून बघितलं की प्लास्टिक तापलं की पदार्थाला विष चढतं. नात्यातल्या एका बाईला सांगितलं की पोटात दुखतं म्हणे. ती बाई म्हणाली, "गंगम्मा, आमी तर महिना झालं खाऊन राहिलो." आणि पाटी घेऊन जिना चढून गेली.

सगळ्यांत वाईट होती ती हाक. बायका खालून ओरडायच्या, "मंजुश्रीताई, गहू भिजू घालू का?" आणि वरून मंजुश्री आभाळाकडं न बघताच म्हणायची, "घाला की! कवाबी घाला." कधीही घाला. गंगम्मानं उभ्या जन्मात असं उत्तर कुणाला दिलं नव्हतं. ज्या प्रश्नावर तिचं सगळं मोठेपण उभं होतं तो प्रश्नच त्या पोरीनं मोडीत काढला होता. रोज सकाळी गंगम्मा लिंगपूजेला बसली तरी कान भिंतीपलीकडं असायचे, आज कोण आलं, कोण हसलं.

दासोहाची गोष्ट मात्र तिला आतपर्यंत कापून गेली. बसव जयंतीच्या आधी मठाची मंडळी बसली आणि कुरडयांचं काम मंजुश्रीच्या गटाला दिलं. सिद्धराम मठपती सांगायला स्वतः घरी आले. "गंगम्मा, वाईट वाटून घेऊ नकोस. पावसाचा भरवसा न्हाई म्हणून पोरींना सांगितलं. तूबी जा की त्यांच्यात."

"जाते की," गंगम्मा म्हणाली. त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर कपबशी अशी आदळली की कपाचा कान उडाला.

गावजेवणाचं काम म्हणजे माल फार. मंजुश्रीचा ड्रायर भरला आणि तरीही चीक उरला. मोबाईल बघितला तर आठवडाभर ऊन दाखवत होतं. उरलेल्या कुरडया त्यांनी माळवदावर बाजा टाकून उघड्यावरच घातल्या. गटातली सिंधु नावाची एक विधवा बाई दोन दिवस सोऱ्या दाबत होती. तिच्या तळहाताला फोड आले होते, त्याला चिंधी बांधून ती दाबत होती. काम उरकलं, बायका जेवायला घरी गेल्या, मंजुश्री बँकेच्या कामाला शिरूरला गेली.

दुपारी गंगम्मा आपल्या बाजेवरच्या शेवया परतत होती. एकाएकी वारा थांबला. मग खालच्या अंगानं एक गार झुळूक आली, तिच्या नाकाला ओल्या मातीचा वास लागला आणि लिंबावरचे कावळे सगळे मिळून एका बाजूला उडाले. आभाळ अजून निळंच होतं. पण तिला कळलं. किती वर्षांनी तिला असं स्वच्छ, हातावरच्या रेषेसारखं कळलं होतं! तिनं भराभरा शेवया गोळा केल्या, मिरच्या भरल्या, बाजा आत ओढल्या. आडभिंतीपलीकडं पांढऱ्याशुभ्र कुरडया ओळीनं उघड्या पडल्या होत्या. खाली हाक मारली असती तर सिंधुचं घर समोरच होतं.

गंगम्मा जिन्याच्या पायरीवर बसली. मला कुणी इचारलं? असं ती मनाशी म्हणत होती. मोबाईलला विचारलं ना? मग मोबाईल येईल काढायला.

पाऊस आला तो थेंबांनी नाही, एकदम दाराच्या फळीसारखा आला. बायका आरडत पळत आल्या तोवर बाजांवर नुसतं पिठूळ पाणी उरलं होतं. गंगम्मा दाराआड उभी राहून ते ऐकत होती, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. फार दिवस दुखणारं गळू फुटावं तसं.

ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. सिंधु ओल्या लुगड्यानं तिच्या दारात आली आणि तिनं विचारलं, "गंगम्मा, तुमचं वाळवण तरी वाचलं का? तुमचंबी वर होतं की."

गंगम्माला नाही म्हणता येईना आणि हो म्हणता येईना. "वाचलं जरासं," ती म्हणाली.

"बरं झालं बाई. एकाचं तरी वाचलं," असं म्हणून सिंधु चिंधी पिळत निघून गेली. तिच्या मनात काहीसुद्धा नव्हतं.

मंजुश्रीच्या मनात मात्र आलं. ती शिरूरहून आली, वर गेली, आधी ड्रायर उघडून बघितला. आतलं सगळं खडखडीत होतं. मग तिची नजर आडभिंतीपलीकडं गेली. गंगम्माच्या माळवदावर एक बाज नव्हती, एक शेवई नव्हती. खाली येऊन ती थेट जावेच्या स्वयंपाकघरात उभी राहिली.

"अक्का, तुमाला कळलं होतं ना?"

गंगम्मानं चुलीत लाकूड सारलं.

"तुमच्या बाजा पावसाआधी आत गेल्या. तुमाला कळलं होतं."

"हाव. कळलं होतं," गंगम्मा म्हणाली. "मला कुणी इचारलं न्हाई."

मंजुश्रीचा आवाज आजवर त्या घरात चढला नव्हता, तो चढला. "इचारायला पायजे होतं? पाऊस आला, वरचं काढा, एवढं सांगायला बी इचारावं लागतं व्हय अक्का? माझ्यावर राग होता तर मला दोन थोबाडीत द्यायच्या होत्या. त्या सिंधुनं तुमचं काय वाकडं केलं होतं? तिचे हात बघितले का तुमी?"

मंजुश्री गेली. दासोहाला कुरडई कमी पडली. निम्म्या पंगतीला मिळाली, निम्मीला नाही. गंगम्मा दुसऱ्या निम्म्यात बसली होती. कुणी तिच्याकडं बघितलं नाही, कारण मंजुश्रीनं कुणाला काही सांगितलंच नव्हतं. ह्याचाही गंगम्माला राग आला. सांगून मोकळी झाली असती तर निदान बरोबरी झाली असती.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, दोघी बोलत नव्हत्या. लोणच्याची वाटी भिंतीवरून जाणं बंद झालं. आणि त्यातच एक दिवस दुकानात गेली तर संगप्पाच्या फळीवर पुडे मांडलेले: ड्रायरात वाळवलेल्या कुरडया, वर गटाचं नाव आणि मंजुश्रीचा हसरा फोटो.

"हे काय?"

"घरचा माल हाय, ठेवला," संगप्पा म्हणाला. "चांगला खपून राहिलाय. नायगावचा एक पाव्हणा चार पुडे घेऊन गेला."

गंगम्मानं एक पुडा पदराखाली घेतला. नवऱ्यानं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. घरी येऊन तिनं दार लोटलं, कढईत तेल तापवलं आणि एक कुरडई सोडली. ती चोरी करत असल्यासारखी उभी होती. कुरडई तेलात पडली, क्षणभर थांबली आणि मग मोगरा उमलावा तशी पसरत कढईच्या कडेला टेकली. पांढरीफेक. एकही लाल कण नाही. तिनं तोंडात घातली. हिंग बरोबर, मीठ बरोबर, चीक नेमका चकाकीपर्यंत शिजवलेला. वास मेणचट नव्हता. तिनं दुसरी तळली, तिसरी तळली. सगळा पुडा संपेपर्यंत ती एकटीच तळत आणि खात होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते तेलाच्या धुरानं नव्हतं. ही कुरडई तिच्या कुरडईपेक्षा चांगली होती. चीक तिनंच शिकवलेला, पण ऊन मंजीचं चांगलं होतं.

संगप्पा जेवायला आला तेव्हा तिनं विचारलं, "अवो, लातूरचं ते शिकवणं परत कधी हाय?"

संगप्पाचा घास हातातच राहिला. "कुणाला शिकायचंय?"

"मला. दुसऱ्या कुणाला?"

लातूरला ती एकटी एसटीनं गेली. वर्गात सगळ्या तिच्या लेकीच्या वयाच्या होत्या, रेणापूरच्या, औशाच्या, देगलूरकडच्या. वर्षाराणीनं तिला ओळखलं आणि मोठ्या कौतुकानं सगळ्यांना सांगितलं, "ह्या आपल्या मंजुश्रीताईंच्या जाऊबाई बरं का!"

गंगम्मा उभी राहिली. "मी गंगम्मा संगप्पा कोरे," ती म्हणाली. "मंजुश्री माझी जाऊ हाय." मुली हसल्या. ती हसली नाही. चार दिवस ती पहिल्या रांगेत बसली. पंखा कशानं फिरतो, ट्रे किती विरळ भरायचे, पत्रा पुसला नाही तर ऊन कसं अडतं, ढगाळ दिवशी माल कसा हलवायचा, सगळं विचारून विचारून घेतलं. मंजुश्रीनं इथं काय काय विचारलं होतं, तेही तिनं हळूच काढून घेतलं आणि त्याच्यापेक्षा जास्त विचारलं.

ड्रायर मिळायचा तर बायकांचा गट हवा होता. गावात आली तर सगळ्या बायका आधीच मंजुश्रीच्या गटात. एकीनं तोंडावर सांगितलं, "आता कशाला गंगम्मा, एक हाय की गावात." मग उरला गावाबाहेरचा तांडा. माळावर पंचवीस-तीस घरं, लाईट आली तर आली, नाहीतर नाही. एवढ्या वर्षांत गंगम्मा कधी तिथं गेली नव्हती. तांड्यावरच्या बायकांनी गहू कधी भिजवावा हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही तिच्या दारात येऊन विचारलं नव्हतं. येता येत नव्हतं, हे तिला आता माळ चढताना पहिल्यांदाच सुचलं.

घमाबाई राठोड दारात मिरच्या निवडत होती. तिनं बसायला पोतं टाकलं आणि सरळ विचारलं, "आमच्याकडं कशाला आलीस तू?"

गंगम्मानं येताना बरंच काही घोकून ठेवलं होतं, हवामान, महिलांचा विकास. ते तोंडातून निघेना. "तिकडं सगळ्या माझ्या जावेच्या झाल्या," ती म्हणाली.

"म्हंजे आमी उरलेल्या."

"हाव."

घमाबाई मोठ्यानं हसली. "खरं बोललीस म्हणून बस. चहा पिशील का आमच्या घरचा?"

"पिते की."

तांड्याला कुरडईत रस नव्हता. त्यांच्याकडं माळावरची बोरं होती, शेवग्याचा पाला होता, आणि शेतातून तोडून आणलेली मिरची होती, जी दरवर्षी अवकाळीनं काळी पडायची आणि व्यापारी मातीमोल म्हणून उचलायचा. गंगम्मा चिडायची, "कुरडई घालू की गं, मी शिकवते." घमाबाई म्हणायची, "तू शिकव, आमी खाऊ. पण पेटीत मिरचीच जाणार." मोठेपणाची सवय झालेल्या बाईला दुसऱ्याचं ऐकून घेणं जड गेलं, पण ड्रायर तर हवाच होता. ती मिरचीवर राजी झाली.

संस्थेची पद्धत अशी की एकाच गावात दुसरा ड्रायर द्यायचा तर आधीच्या गटाला विचारायचं. वर्षाराणी मंजुश्रीकडं गेली ते गंगम्माला कळलं. आता ती वचपा काढणार. काढावाच, तिच्या जागी आपण असतो तर काढला असता. दिवसभर ती घरातच फिरत राहिली.

पण ड्रायर आला. ट्रॅक्टरवरून माळ चढून तांड्यावर गेला, पत्रे बसले, पंखा फिरला. लेकरं त्या पंख्यापुढं तोंड धरून ओरडत होती. त्या हंगामात परत अवकाळी आली, सगळ्या शिवारातली मिरची काळी पडली आणि तांड्याची लालभडक राहिली. घमाबाईनं ती लातूरच्या बाजारात नेली, तर व्यापारी पोत्यात हात घालून विचारत होता, "ही कुठली?" शेवग्याच्या पाल्याचा भुगा वर्षाराणीनं एका दवाखान्याच्या स्वयंपाकघराला लावून दिला. तांड्यावरच्या बायका आता माळ उतरून भर रस्त्यानं गंगम्माच्या घरी यायच्या आणि ओट्यावर बसायच्या. चन्नबसप्पांच्या सुनेनं नाक मुरडलं. गंगम्मानं मुद्दाम सगळ्यांना अजून एक एक कप चहा दिला.

काम बघायला आलेली वर्षाराणी एकदा बोलता बोलता सांगून बसली. "मंजुश्रीताईंना मी विचारलं होतं ना दुसऱ्या ड्रायरचं. त्या लगेच म्हणाल्या, द्या. अक्कांसारखी मेहनती बाई न्हाई."

असलं चांगलं बोलणं गंगम्माला झेपत नव्हतं.

"मग मी निघाले," वर्षाराणी हसू दाबत म्हणाली, "तर जिन्यापर्यंत मागं आल्या आणि हळूच म्हणाल्या, पण माझ्यापेक्षा मोठा देऊ नका हां."

गंगम्माच्या तोंडाकडं बघून वर्षाराणी घाबरली. वाटलं, आपण सांगायला नको होतं. पण गंगम्मा हसत होती. कितीतरी दिवसांनी पोट धरून हसत होती. म्हणजे तिलाही होतं! भिंतीपलीकडं तीही जळत होती! त्या एका वाक्यानं गंगम्माला जे मिळालं ते ड्रायरानंही मिळालं नव्हतं.

त्याच आठवड्यात तिनं आधी सिंधुचं घर गाठलं. पावसाआधी आपल्याला कळलं होतं आणि आपण हाक मारली नाही, हे तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. सिंधु म्हणाली, "सांगाय नको होतं गंगम्मा. मला ठाऊक नव्हतं तेच बरं होतं." तिनं दार लावून घेतलं. पुढं रस्त्यात भेटली की सिंधु मान हलवायची, पण ओट्यावर कधी बसली नाही. ते तसंच राहिलं.

मंजुश्रीशी मात्र बोलणं सुरू झालं, तेही कुणी माफी मागून नाही. एकदा तीच भिंतीशी येऊन म्हणाली, "अक्का, तांड्यावरची मिरची जरा दाखवा की. आमची एवढी लाल का होत न्हाई?" गंगम्मानं वाटीभर दिली आणि कशानं लाल होते ते सांगितलं नाही. मंजुश्रीनंही फार आग्रह केला नाही. दोन दिवसांनी तिनं ते घमाबाईकडून काढून घेतलं.

पुढं नांदेडला बचत गटांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा दोघींना शेजारशेजारचे गाळे मिळाले. गंगम्मा दिवसभर आपल्या गिऱ्हाइकाला मिरची तोलून देत होती आणि डोळा पलीकडच्या गर्दीवर ठेवून होती. मंजुश्री कुरडई तळून दाखवत होती आणि तिचाही डोळा इकडं होता. दुपारी जेवायला दोघी एकाच डब्यावर बसल्या, भाकरी मोडून एकमेकींना दिली, आणि कुणाचा माल जास्त गेला हे दोघींनीही विचारलं नाही.

नांदेडहून आल्यावर मंजुश्री माहेरी उदगीरला गेली होती. भर दुपारी गंगम्मानं इकडंतिकडं बघितलं, पदर खोचला आणि आडभिंत ओलांडून पलीकडं गेली. मंजुश्रीचा ड्रायर तिनं वितीनं मोजला, लांबी, मग रुंदी. तशीच माळ चढून तांड्यावर गेली आणि तिथला मोजला. दोन्ही अगदी सारखे होते.

घमाबाई दारातून बघत होती. "काय मोजून राहिलीस गंगम्मा?"

"काय न्हाई," गंगम्मा हात झटकत म्हणाली. "आपला वीतभर मोठा हाय."